एलियाबच्या घराखालचा खोका

माझा भाऊ एलियाब गेला त्याला आज चोवीस दिवस झाले आणि मी अजून त्याच्यावर चिडलेलीच आहे. रडते पण आणि चिडते पण. लोक येतात, रताळी ठेवतात, नारळ ठेवतात, म्हणतात केझिया, किती देवमाणूस होता गं तुझा भाऊ. मी मान हलवते. मनात म्हणते, देवमाणसाच्या शेजारी घर करून राहून बघा एकदा, मग सांगा.

त्याचं घर खांबांवरचं. घराखाली त्याच्या दोऱ्या, बंद पडलेलं बोटीचं इंजिन, वाळू चाळायची चाळण, आणि मधोमध एक लांबडा लाकडी खोका. आठ वर्षं तो खोका तिथेच होता. कुत्री त्याच्यावर झोपायची, पोरं त्याच्यावरून उड्या मारायची, मी स्वतः त्याच्यावर बसून मासे साफ केलेत. त्या खोक्यात माझ्या वहिनीचा, डोर्कसचा, कबरीचा दगड होता. आलेला, पण कधी न बसवलेला.

आता हे किती वाईट आहे ते आमच्या बेटावरच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्यात माणूस पुरलं म्हणजे काम संपलं असं नसतं. वर्षानं, दोन वर्षांनी, जमेल तेव्हा कबरीवर दगड बसवायचा, रंगीत कापडांत गुंडाळून ठेवायचा, आणि तिकडे ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर, केर्न्सपासून टाउन्सव्हिलपर्यंत पांगलेली आमची सगळी माणसं गोळा झाली की ती कापडं सोडायची. दगड उघडायचा. मग खड्ड्यात भाजलेलं डुक्कर, कासवाचं मटण, नाच, सकाळपर्यंत ढोल. त्या दिवशी सुतक सुटतं. त्याच्या आधी नाही. आणि हे सगळं करायचं कुणी, तर मेलेल्याच्या सोयऱ्यांनी. रक्ताच्या माणसांनी रडायचं, सोयऱ्यांनी हात चालवायचे. त्यांना मारीगेत म्हणतात, म्हणजे मेलेल्याचा हात. डोर्कसची मारीगेत मी. नणंद ना. तिला न्हाऊ घातलं मी, कबर खणवली मी, आणि दगड उघडला नाही त्याची बोलणीसुद्धा खाल्ली मीच.

आणि गंमत बघा. आमच्या स्मशानातले निम्मे चौथरे एलियाबनं बांधलेत. तोच त्याचा धंदा होता. म्हणजे आधी तो शेवंड पकडायला बुडी मारायचा, मग कानाचा पडदा फाटला तेव्हा सिमेंटच्या कामाला लागला. समुद्राची वाळू असते आमच्याकडे, दुसरी कुठून आणणार. ती तो गोड्या पाण्यानं तीनदा धुवायचा. मीठ राहिलं तर सळई गंजते आणि चौथरा फुटतो. कोरड्या दिवसांत टाकीत पाणी नसायचं तरी तीनदा. डोर्कस वरून ओरडायची, "ए, ते पाणी जित्या माणसांना ठेव! मेलेल्यांना तहान लागत नाही!"

हा खालून म्हणायचा, "मेलेले तक्रार करत नाहीत ना, म्हणून त्यांचं काम जास्त नीट करायचं."

"मग मी मेल्यावर माझं किती नीट करतोस ते बघते."

"तू आधी मर तर."

अशी त्यांची मस्करी चालायची. आणि ती आधी मेली. पोटात गाठ, केर्न्सच्या हॉस्पिटलात तीन महिने, आणि मग विमानातून परत आली ती पेटीतूनच.

एलियाबनं दगड मागवला तो काळा, गुळगुळीत, त्याच्यावर डोर्कसचा चेहरा कोरलेला. दुकानवाल्यानं आधी तळहाताएवढा एक तुकडा पाठवला, चेहरा जमलाय का ते बघायला. जमला होता. तिचं ते एका बाजूनं वर जाणारं हसू पण आलं होतं. तो तुकडा एलियाबनं शर्टाच्या खिशात ठेवला तो ठेवलाच. आंघोळीला जाताना काढायचा, आल्यावर परत खिशात.

मग मालाच्या बार्जवरून दगड आला. घराखाली ठेवला, झाकण काढून. आणि हा त्याच्याशेजारी स्टूल टाकून बसायला लागला. सकाळी चहा घेऊन तिथे. संध्याकाळी तिथे. "डोर्कस, आज वारा फिरलाय, बोट काढू का?" असं विचारायचा. मी कुंपणाच्या या बाजूनं ऐकायचे. रविवारी घंटा झाली की मी हाक मारायचे, तो म्हणायचा तू हो पुढे. मागून यायचा नाही. चर्चमध्ये खालच्या सुरात गाणारा तो एकटाच, तो नसला की आमचं गाणं सगळं वर वर तरंगायचं. फादरनी विचारलं, मी म्हटलं दुःखात आहे, बसू दे. माझंच चुकलं का? मला तेव्हा बरंच वाटत होतं. म्हटलं बायकोवर एवढी माया करणारा भाऊ आहे माझा.

आणि चौथरा रोज वाढत होता. कागदावर हं. आधी गुडघ्याएवढा होता, मग कमरेएवढा झाला. मग पलीकडच्या वाडीत कुणीतरी कबरीवर छप्पर घातलं, तर याला पण छप्पर पाहिजे. मग छपराला दिवे, उन्हावर चालणारे. मी पण त्यात. मी अकरा झगे शिवले, आम्हा बहिणींना आणि पोरींना, सगळे एकाच कापडाचे, जांभळ्यावर पांढरी फुलं. दगड उघडायच्या दिवशी आम्ही अकरा जणी एका रांगेत चालत येणार आणि सगळं बेट बघणार. तारीख ठरली. डोर्कसचा भाऊ ओबेद, त्यानं दोन डुकरं राखून ठेवली.

तारखेच्या दोन आठवडे आधी एलियाब जेवणासाठी उथळ पाण्यातली शेवंड आणायला गेला आणि इंजिन बंद पडलं.

आमच्या सामुद्रधुनीत इंजिन बंद पडलं म्हणजे काय ते ओहोटीच्या ओढीत सापडलेल्यालाच विचारा. धोक्याचा दिवा होता त्याच्याकडे, पण त्याची बॅटरी मेलेली. बोलावं तेवढं थोडं. दोन रात्री आणि तीन दिवस तो वाहत होता. आम्ही किनाऱ्यावर. हेलिकॉप्टर फिरलं, दिसला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी एका मासेमारीच्या बोटीला सापडला, ओठ फाटलेले, तोंड भाजल्यासारखं.

तो आला, दोन दिवस झोपला, मग उठला आणि खाली गेला. ठाक ठाक आवाज आला. जाऊन बघते तर खोक्यात भुसा भरून, झाकण बसवून खिळे मारत होता.

"हे काय करतोस?"

"दगड नाही बसवायचा, केझिया."

मला वाटलं उन्हानं डोकं गेलंय. मी पाणी आणलं. तो म्हणाला, "पाणी नको, ऐक." मग सांगितलं त्यानं. पहिल्या दिवशी त्यानं तो तुकडा खिशातून काढला आणि हातात धरला. आणि बोलायला लागला. डोर्कस, मला घरी ने. मला घरी नेलंस तर चौथरा छातीएवढा करीन. चौफेर फरशी लावीन. दिवे लावीन, चार नाही, आठ. रात्रभर हेच. म्हणाला, "केझिया, मी दगडाला नवस बोलत होतो गं. बत्तीस वर्षं जिच्याशी संसार केला, तीसुद्धा मला हसली असती. तिला पोहता तरी येत होतं का?"

"अरे, घाबरलास म्हणून बोललास. देव समजून घेतो."

"तो समजतो. मला कळलं पाहिजे ना. मरायला टेकलो तेव्हा मला देव आठवलाच नाही. एकदासुद्धा नाही. मला हा खोका आठवला."

"मग?"

"मग मी तो तुकडा पाण्यात सोडला."

"फेकलास?"

"फेकला नाही, सोडला. आणि म्हटलं, आता तू बघ बाबा, माझ्या हातात काही नाही."

मी म्हटलं, "आणि मग बोट आली." कारण गोष्ट अशीच असते ना.

तो म्हणाला, "नाही. बोट दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मधला तो अख्खा दिवस, केझिया, त्याच्यासारखा वाईट दिवस मी बघितला नाही. हातात तुकडापण नव्हता. काहीच नव्हतं. तो दिवस मी नुसता देवावर टेकून काढला. आता परत इथे खाली येऊन बसू?"

हे त्यानं मला सांगितलं ते ठीक. पण पाहुणे यायला निघालेले. ओबेद त्याच संध्याकाळी आला, अंगणात उभा राहिला. आमच्यात मेहुण्याचं नाव तोंडावर घेत नाहीत, ओबेदनं तीस वर्षांत कधी दाजींशिवाय हाक मारली नव्हती.

"दाजी, असं ऐकतोय की दगड नाही."

"बरोबर ऐकलंस."

"माझी बहीण काय कुत्रं होती का?"

"तुझी बहीण त्या खोक्यात नाही, पाहुण्या. कबरीतसुद्धा नाही. ती जिथे आहे तिथे तिला दगड लागत नाही."

"तिला नाही लागत! मला लागतो! माझ्या आईला लागतो! तू अख्ख्या बेटाचे दगड बसवलेस, माझ्याच बहिणीला वाळूत ठेवणार? एलियाब!"

नाव घेतलं त्यानं. भर अंगणात. माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं. एलियाब फक्त म्हणाला, "हां, मीच तो." आणि जिना चढून वर गेला.

ओबेदनं त्यानंतर आठ वर्षं त्याच्याशी बोलणं टाकलं. दुकानात समोर आला तर तो पिठाच्या पोत्यांकडे बघायचा.

आणि मला काय काय ऐकावं लागलं! पैसे खाल्ले म्हणे. दुसरी बाई बघितली म्हणे. डोर्कसच्या आईनं मरायच्या आधी माझा हात धरला आणि म्हणाली, पोरी, तुझं काम अर्धं राहिलं. आणि सगळ्यात राग कशाचा, तर हा बाकीच्यांचे चौथरे बांधतच होता! लोक बोलवायचे, हा चाळण घेऊन जायचा, वाळू तीनदा धुवायचा, सुंदर काम करून यायचा. एकदा मी फटकारलंच.

"लोकांचे दगड चालतात, घरचा तेवढा चालत नाही?"

"लोकांचं लोकांना माहीत. दगडात पाप नाही काही."

"मग एवढा विश्वास आहे ना तुझा देवावर, दगड बसवून दाखव. बघू डळमळतो का."

"दारू सोडलेल्याला तू म्हणशील का, एक पेला पिऊन दाखव?"

त्याच्याशी भांडण म्हणजे असंच, आपलं तोंड बंद व्हायचं पण राग तसाच राहायचा.

असं नका समजू की तो सारखा देवाचं नाव घेत फिरायचा. उपदेश तर कधीच नाही. सुखी होता असंपण नाही. कित्येक दिवस डोळे सुजलेले असायचे. रोज सकाळी चहाचा कप घेऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायचा आणि बोलायचा, "तू आहेस ना?" मग थोडं थांबून म्हणायचा, "बरं." एवढीच प्रार्थना. मी कुंपणाआडून रोज ऐकायचे. कधी कधी "बरं" यायला इतका वेळ लागायचा की माझा चहा संपायचा. पण यायचं.

शेवटच्या वर्षी हृदय दमलं त्याचं. डॉक्टर महिन्यानं विमानातून येतात, त्यांनी गोळ्या दिल्या, सात खणांची डबी. वेळेवर घ्यायचा. मी चिडवलं, "का रे, आता गोळ्यांवर विश्वास?"

"गोळ्या त्यानंच पाठवल्या. खातो. त्यांना नमस्कार नाही करत."

जायच्या चार दिवस आधी मी केळी घेऊन गेले, तेव्हा विचारलंच. म्हटलं, तुझ्या कबरीचं काय करायचं? म्हणाला, तुम्ही बघा. म्हटलं, आणि हा खोका?

"तोपण तूच बघ."

"असं कसं मीच बघ? आठ वर्षं मला कोंडीत धरलंस आणि आता तूच बघ?"

"मला त्याचा धोका होता, म्हणून बंद केला. मी गेल्यावर तो धोका गेला. तुला कशाचा धोका आहे ते तुझं तुला ठाऊक." आणि केळं सोलायला लागला. मी इतकी चिडले की टोपली तिथेच टाकून घरी आले. आमचं ते शेवटचं बोलणं. मंगळवारी दुपारी तो पायरीवरच गेला, भिंतीला डोकं टेकून.

आता एलियाबचा मारीगेत कोण? बायकोच्या बाजूचा माणूस. म्हणजे ओबेद. बेट छोटं आहे, पळणार कुठे.

खरं सांगते, मला वाटलं होतं तो येणार नाही. तो आला. पुतण्यांना घेऊन कबर खणली, भिंती सरळ, कोपरे नीट. पेटी खांद्यावर घेतली. एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. आणि विसाव्या दिवशी माझ्याकडे आला, फोनवर फोटो दाखवायला लागला.

"हा दगड, ताई. दोन माणसं उंच. खाली शेवंड कोरलेली, वर चर्च. छप्पर, दिवे, सगळं. केर्न्सला बोलून ठेवलंय."

"एवढा मोठा?"

"असा या बेटावर नाही. लोकांना दिसू दे. आम्ही आमचं काम पुरं करतो. काही लोकांसारखं अर्धं नाही टाकत."

हे काही लोक म्हणजे मी. माझ्या कानशिलात जाळ झाला. आणि तरी खोटं कशाला बोलू, माझं अर्धं मन हो हो म्हणत होतं. कारण मी त्याला सांगितलं, कळवते, आणि घरी गेले आणि पहिलं काम काय केलं? ट्रंक उघडली. ते अकरा झगे होते अजून. जांभळ्यावर पांढरी फुलं. दरवर्षी बाहेर काढून उन्हात घालायचे मी, वाळवी लागू नये म्हणून. दर वर्षी! माझा भाऊ मरून वीस दिवस झाले आणि मी झगे मोजत बसले, कुणाला घट्ट होईल, कुणाचा उसवावा लागेल. अकरा जणी रांगेत चालत येऊ, सगळं बेट बघेल, आणि कुणी म्हणणार नाही केझियानं काम अर्धं टाकलं. झगा हातात होता आणि मला त्याचं केळं सोलणं आठवलं. इतका राग आला मला त्याचा. मेलेला माणूससुद्धा नीट झगा बघू देत नाही.

काल मी ओबेदला निरोप पाठवला, पहार घेऊन ये.

त्यानं खिळे उपटले. आठ वर्षांचे गंजलेले, कुरकुरत निघाले. आत भुसा, भुशाच्या आत काळा दगड, तसाच नवाकोरा. ओबेदनं हातानं भुसा बाजूला केला आणि चेहरा वर आला. एका बाजूनं वर जाणारं ते हसू. ओबेद एवढा मोठा माणूस, तो मटकन खाली बसला. उघडायच्या आधी रक्ताच्या माणसांनी दगड बघायचा नसतो, त्यामुळे त्यानं हा कधी बघितलाच नव्हता. आठ वर्षं ज्याच्यावरून भांडला तो.

मग म्हणाला, "अशीच हसायची. मला मार पडायचा तेव्हा अशीच हसायची."

मी म्हटलं, "घेऊन जा. तुझी बहीण आहे. साधा चौथरा कर, गुडघ्याखाली. छप्पर नको, दिवे नकोत. उद्या तिथे जाऊन तिच्याकडे काही मागू नकोस म्हणजे झालं."

"मागेन कशाला? लहानपणी कधी दिलं नाही तिनं काही." डोळे पुसले. मग म्हणाला, "आणि दाजींचा?"

"दाजींचा नाही."

"नाही म्हणजे?"

"दगड नाही, उघडणं नाही. लाकडाचा क्रॉस आहे तेवढा पुरे."

"ताई, मी मारीगेत आहे! लोक मला काय म्हणतील?"

"मला आठ वर्षं म्हणाले तेच."

तो उठला. झाकणाला अशी लाथ घातली की कुत्री पळाली. तरातरा किनाऱ्याकडे गेला. मला वाटलं गेला. मी मासे साफ करायला घेतले, खोका उघडा म्हणून जमिनीवर बसून. तो परत आला.

"त्यांनी सांगितलं होतं का, दगड नको म्हणून?"

"नाही. तुम्ही बघा म्हणाला."

"मग तू का अडवतेस?"

"माझ्यासाठी. मला धोका आहे."

त्याला कळलं की नाही देव जाणे. चाळणीकडे बघत उभा राहिला. मग विचारलं, "आणि सुतक कधी सुटायचं? दगड उघडला नाही तर कळणार कसं?"

"मला नाही माहीत, ओबेद. वर आहे त्यालाच माहीत."

"हे बरंय. आधी दाजी, आता तू." चाळण उचलली त्यानं. "वाळू किती वेळा धुवायची?"

"तीनदा."

"पाणी कुठाय एवढं?"

"तेच तर तुझी बहीण विचारायची."

हसला नाही तो. पण चाळण घेऊन गेला, आणि आज सकाळी पुतण्यांना आणून दगडपण घेऊन गेला. घराखाली आता लांबडी रिकामी जागा दिसते, तिथली माती फिकट आहे.

झगे मी पोरींना वाटून टाकले. रोजच्याला घाला म्हटलं, स्वयंपाकात, मासे साफ करताना. धाकटी म्हणाली, एवढा चांगला झगा? घाल म्हटलं, नाहीतर मी मागे घेईन.

मग चहा घेऊन त्याच्या जिन्यावर जाऊन बसले, तिसऱ्या पायरीवर. पायरी डुगडुगते, इतक्या वर्षांत नीट केली नाही त्यानं, लोकांचे चौथरे करत फिरायचा. बसले आणि म्हटलं, "तू आहेस ना?" चहा संपला, कप गार झाला. "बरं" काही माझ्या तोंडून निघालं नाही. उद्या परत बसेन.